दोन चाकांची वाटणी आणि डॉ. फर्डिनांड पोर्श

पावसाळ्यात सह्याद्रीच्या कच्च्या वाटेवर जीप घेऊन गेलेल्यांना हे दृश्य नवे नाही. मागचे एक चाक चिखलात गरगर फिरते आहे, चिखलाचे फवारे उडत आहेत आणि दुसरे चाक कोरड्या खडकावर घट्ट टेकलेले असूनही ढिम्म हलत नाही. इंजिनात ताकद आहे, टायर नवे आहेत, चालक अनुभवी आहे. तरीही गाडी जागची हलत नाही. दोष असतो तो या दोन चाकांच्या मधोमध, आसाच्या पोटात बसलेल्या डिफरन्शियल नावाच्या दंतचक्रांच्या संचाचा. अवघड वाटांवर ट्रक आणि जीप नेणाऱ्या हौशी मंडळींत या दोषावर दोन उपाय सांगितले जातात. एक स्पूल, दुसरा लॉकर. यांतला कोणता निवडावा, यावर रात्र रात्र वाद रंगतात.

हा वाद आजचा वाटला तरी त्याचे मूळ प्रश्न शंभर वर्षांपूर्वीचे आहेत. इंजिनाची ताकद दोन चाकांना कशी वाटून द्यायची, या एका प्रश्नाला आयुष्यात वेगवेगळ्या वळणांवर वेगवेगळी उत्तरे देणारा अभियंता म्हणजे डॉ. फर्डिनांड पोर्श. त्यांचे नाव आज वेगवान, महागड्या मोटारींमुळे घरोघरी ठाऊक आहे. 'बीटल' या छोट्या मोटारीचे जनक म्हणूनही ते ओळखले जातात. चाकांच्या वाटणीशी त्यांचे असलेले नाते मात्र फारसे सांगितले जात नाही.

वाटणीचे गणित

पोर्श यांच्या चरित्राकडे वळण्यापूर्वी हा प्रश्न नेमका काय आहे, ते पाहू. गाडी वळते तेव्हा बाहेरचे चाक आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापते. दोन चाकांमधले अंतर दीड मीटर धरले, तर गाडी पूर्ण उलट दिशेला वळेपर्यंत बाहेरचे चाक सुमारे ४.७ मीटर अधिक धावते. बैलगाडीला ही अडचण येत नाही, कारण तिची दोन्ही चाके आसावर स्वतंत्रपणे फिरतात आणि ओढण्याचे काम बैल करतात. मोटारीत मात्र चाकांनाच गाडी ढकलायची असते. डिफरन्शियलमुळे दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरता येते आणि जोर मात्र दोघांना सारखाच मिळतो.

हा सारखेपणाच चिखलात घात करतो. समजा, चिखलातले चाक घसरण्यापूर्वी १०० एकक जोर पेलू शकते आणि खडकावरचे चाक १,०००. डिफरन्शियल दोघांना समान देणार, म्हणजे दुबळ्या चाकाला १०० आणि सबळ चाकालाही १००च. एकूण जोर २००. हीच दोन्ही चाके एकमेकांना जखडून टाकली, तर १,१०० एकक जोर हाती येतो.

स्पूल हे जखडणे कायमचे करतो. डिफरन्शियलची चक्रे काढून त्यांच्या जागी एक अखंड पोलादी तुकडा बसवला जातो आणि दोन्ही चाके नेहमी एकाच गतीने फिरतात. लॉकर हेच काम गरजेपुरते करतो. काही लॉकर चालकाने कळ दाबल्यावर हवेच्या दाबाने, विजेने किंवा तारेने जोडले जातात. काही आपोआप जोडले जातात आणि वळणावर आपोआप सुटतात. या दोहोंच्या मधला तिसरा प्रकार म्हणजे चाकांना पूर्ण न जखडता त्यांच्या गतीतला फरक आवरून धरणारे डिफरन्शियल. पोर्श यांचा संबंध येतो तो या तिसऱ्या प्रकाराशी.

पत्रेकाम करणाऱ्याचा मुलगा

फर्डिनांड पोर्श यांचा जन्म ३ सप्टेंबर १८७५ रोजी बोहेमियातील माफर्सडॉर्फ या गावी झाला. तेव्हा हा प्रदेश ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होता. आज तो झेक प्रजासत्ताकात आहे. वडील आंतोन पत्रेकाम करीत. मुलाने आपलाच व्यवसाय सांभाळावा, ही त्यांची अपेक्षा होती. फर्डिनांडचे मन मात्र विजेत गुंतले होते. दिवसा वडिलांच्या कार्यशाळेत काम आणि संध्याकाळी जवळच्या रायखेनबर्ग गावातील तांत्रिक शाळेचे वर्ग, असा त्यांचा क्रम होता. किशोरवयातच त्यांनी आपल्या घरात विजेचे दिवे लावले.

वयाच्या अठराव्या वर्षी ते व्हिएन्नाला गेले आणि एका विद्युत कंपनीत नोकरीला लागले. तेथील तांत्रिक विद्यापीठाच्या व्याख्यानांना ते जमेल तसे चोरून बसत. अभियांत्रिकीची रीतसर पदवी त्यांनी कधीच मिळवली नाही. नावामागची 'डॉ.' ही उपाधी पुढे १९१७ मध्ये व्हिएन्नाच्या तांत्रिक विद्यापीठाने सन्मानार्थ दिली. कागदावरच्या सिद्धान्तापेक्षा हातातल्या वस्तूवर विश्वास ठेवण्याची सवय मात्र त्यांना वडिलांच्या कार्यशाळेतच लागली होती.

डिफरन्शियल नसलेली मोटार

शतक बदलत असताना पोर्श हे याकोब लोनर यांच्या घोडागाड्या बनवणाऱ्या कंपनीत आले. लोनर यांना विजेवर चालणाऱ्या गाड्या हव्या होत्या. १९०० च्या पॅरिस येथील जागतिक प्रदर्शनात लोनर-पोर्श मोटार मांडली गेली तेव्हा पोर्श यांचे वय जेमतेम चोवीस वर्षांचे होते. या मोटारीच्या पुढच्या दोन्ही चाकांच्या तुंब्यातच विजेची एकेक मोटर बसवलेली होती. साखळी नाही, पट्टा नाही, गिअर नाही आणि डिफरन्शियलही नाही. वाटणीचा प्रश्न त्यांनी मुळातूनच मिटवला होता. प्रत्येक चाकाला स्वतःची मोटर असल्यावर एका चाकाच्या दुबळेपणाची शिक्षा दुसऱ्याला भोगावी लागत नाही.

त्याच वर्षी त्यांनी इंग्लंडमधील एका ग्राहकासाठी चारही चाकांत मोटरी असलेली गाडी बनवली. पेट्रोल इंजिनाने वीज निर्माण करून ती चाकांतल्या मोटरींना पुरवणारी संकरित गाडीही त्यांनी याच काळात उभी केली. कल्पना काळाच्या फार पुढची होती, परंतु शिशाच्या बॅटऱ्या आणि तांब्याची वेटोळी यांचे वजन प्रचंड होते आणि किंमतही. पुढे १९७१ मध्ये चंद्रावर नेलेल्या अमेरिकी गाडीच्या प्रत्येक चाकात स्वतंत्र मोटर होती, हे लक्षात घेतले म्हणजे या कल्पनेची झेप कळते.

१९०६ मध्ये पोर्श ऑस्ट्रो-डाइमलर कंपनीचे प्रमुख रचनाकार झाले. १९१० ची प्रिन्स हाइनरिख स्पर्धा त्यांनी स्वतः गाडी चालवून जिंकली. पहिल्या महायुद्धात अवजड तोफा वाहून नेण्यासाठी त्यांनी रस्त्यावरून धावणारी आगगाडीच तयार केली. पुढच्या वाहनातले इंजिन वीज निर्माण करी आणि केबलमधून ती मागच्या वाहनांच्या चाकांतल्या मोटरींना मिळे. ओढणाऱ्या वाहनाची चाके घसरू नयेत म्हणून जोर अनेक चाकांवर पसरवायचा, हे सूत्र येथेही होते. अभियंत्याची बुद्धी आणि सत्तेची गरज यांची गाठ याच काळात पडली, हेही नोंदवायला हवे.

सरळ रस्त्यावर घसरणारे चाक

१९२३ मध्ये पोर्श जर्मनीतील स्टुटगार्ट येथे डाइमलर कंपनीचे तांत्रिक संचालक झाले. मोठ्या, दमदार मर्सिडीज मोटारींनी त्यांचे नाव झाले. परंतु लहान आणि स्वस्त मोटारीचा त्यांचा आग्रह संचालक मंडळाच्या गळी उतरला नाही. तेथून बाहेर पडून काही काळ ऑस्ट्रियात काढल्यावर १९३१ मध्ये त्यांनी स्टुटगार्टमध्ये स्वतःचे रचना कार्यालय रीतसर सुरू केले. जागतिक मंदीचे दिवस होते. या उभारणीत जावई आंतोन पिएख आणि शर्यतपटू आडोल्फ रोझेनबर्गर हे त्यांचे भागीदार होते. रोझेनबर्गर यांनी पैसा उभा केला आणि व्यवहारही सांभाळला.

१९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. शर्यतीच्या मोटारींना सरकारी अनुदान मिळू लागले आणि त्याचा एक वाटा ऑटो युनियन कंपनीला मिळाला. तिच्यासाठी पोर्श यांनी जी मोटार रचली, तिचे सोळा सिलिंडरांचे इंजिन चालकाच्या पाठीमागे होते. नियमानुसार तिचे मूळ वजन ७५० किलोच्या आत ठेवायचे होते. इतक्या हलक्या गाडीत सुरुवातीला तीनशेच्या आसपास आणि १९३६ पर्यंत पाचशेहून अधिक अश्वशक्ती कोंबली गेली. परिणाम असा, की वळणातून बाहेर पडताना आतले मागचे चाक हलके होई आणि जागच्या जागी फिरत राही. ताशी १६० किलोमीटरच्या वेगापर्यंत हा त्रास होत असे. चिखलातल्या जीपचा प्रश्न अशा रीतीने गुळगुळीत रस्त्यावर येऊन उभा ठाकला.

डिफरन्शियल काढून टाकणे हा एक सोपा मार्ग होता. इंग्लंडमधील फ्रेझर नॅश या साखळीवर चालणाऱ्या मोटारींत त्या काळी डिफरन्शियल नव्हतेच. मागचा आस अखंड होता. स्पूलचेच हे तत्त्व. परंतु अशा गाडीला वळणात शिरणे नकोसे असते. दोन्ही चाके सारखी फिरत असल्याने ती सरळच जाऊ पाहते आणि वळवायची तर एका टायरला रस्त्यावर घासत न्यावे लागते. फ्रेझर नॅश हलकी होती, तिची ताकद बेताची होती आणि मागच्या चाकांमधले अंतर कमी होते, म्हणून तिला ते निभावले. ऑटो युनियनच्या मोटारीची ताकद तिच्या कितीतरी पट होती.

१९३५ मध्ये पोर्श यांनी फ्रीडरिक्सहाफेन येथील झेडएफ या गिअर बनवणाऱ्या कंपनीकडे हे काम सोपवले. त्यातून आलेल्या डिफरन्शियलमध्ये नेहमीची दंतचक्रे नव्हती. दोन उंचवटेदार कड्यांच्या मध्ये सरकणाऱ्या खिट्ट्या होत्या. एक कडे डाव्या चाकाला, तर दुसरे उजव्या चाकाला जोडलेले. वळणावर दोन कडी वेगवेगळ्या गतीने फिरत आणि खिट्ट्या उंचवट्यांवरून मागेपुढे सरकत. मात्र सरकताना होणाऱ्या घर्षणामुळे एका चाकाला फार पुढे पळता येत नसे. जोराचा मोठा वाटा सावकाश फिरणाऱ्या, म्हणजेच पकड असलेल्या चाकाकडे जाई. १९३६ मध्ये बेर्न्ट रोझेमायर याने ऑटो युनियनच्या मोटारीत बसून युरोपीय अजिंक्यपद मिळवले. त्या यशात या यंत्रणेचाही वाटा होता.

त्याच १९३५ मध्ये पोर्श यांच्या कार्यालयात आणखी एक वाटणी झाली. रोझेनबर्गर ज्यू होते. त्यांचा हिस्सा दर्शनी किमतीला काढून घेण्यात आला. त्याच वर्षी नाझी राजवटीने त्यांना अटक करून छळछावणीत डांबले. सुटकेनंतर त्यांना देश सोडावा लागला. कंपनी वाढत गेली. तिच्या इतिहासातून त्यांचे नाव मात्र दीर्घकाळ पुसट राहिले.

वाळू, बर्फ आणि चिखल

जनतेची मोटार, अर्थात 'फोल्क्सवागन', हे पोर्श यांचे जुने स्वप्न. जून १९३४ मध्ये तिच्या रचनेचा करार झाला. किंमत हजार मार्कांच्या आत ठेवण्याचा हिटलरचा आग्रह होता. मे १९३८ मध्ये कारखान्याची कोनशिला बसली. सुमारे तीन लाख छत्तीस हजार लोकांनी दर आठवड्याला पैसे साठवून मोटारीसाठी नाव नोंदवले. युद्ध सुरू झाले आणि त्यांतल्या एकालाही त्या योजनेतून मोटार मिळाली नाही. कारखान्यातून लष्करासाठी बाहेर पडली ती 'क्युबेलवागन'.

रस्ता सोडून जाणाऱ्या वाहनांच्या इतिहासात क्युबेलवागनला वेगळे स्थान आहे. तिला चारही चाकांचा जोर नव्हता; केवळ मागची दोन चाके गाडी ढकलीत. अमेरिकी जीप चारही चाकांवर ओढत असताना ही गाडी वाळूत आणि चिखलात कशी टिकली, याचे उत्तर तिच्या मागच्या आसात आहे. वजन अवघे ७२५ किलोच्या आसपास. इंजिन मागे असल्याने भार ढकलणाऱ्या चाकांवरच. चाकांपाशी जादा गिअर बसवून आस जमिनीपासून उंच नेलेला. आणि मध्ये झेडएफचे तेच खिट्ट्यांचे डिफरन्शियल. शर्यतीच्या मोटारीसाठी सोडवलेले गणित पंचवीस अश्वशक्तीच्या साध्या गाडीच्या कामी आले. पुढे पाण्यात तरंगणाऱ्या 'श्विमवागन'मध्ये पहिल्या गिअरमध्ये चारही चाकांना जोर मिळे आणि दोन्ही आसांवर हीच यंत्रणा होती.

येथे अखंड आस वापरला असता तर? पक्क्या रस्त्यावरच्या शेकडो किलोमीटरांच्या दौडीत टायर झिजले असते, आणि युद्धकाळात जर्मनीत रबराची टंचाई होती. बर्फाळ रस्त्यावर तर वळताना गाडी हाताबाहेर गेली असती. जी गाडी लांबचा रस्ता तुडवून मग चिखलात उतरते, तिला सुटू शकणारी जोडणीच हवी. पोर्श यांच्या यंत्रणेलाही मर्यादा होत्या. खिट्ट्या आणि कडी झिजत, घर्षण कमी होई आणि गुण उतरे. एक चाक पूर्ण अधांतरी गेले तर तिचा फारसा उपयोग होत नसे. तेथे पूर्ण जखडणारा लॉकरच लागतो.

रणगाड्यांच्या बाबतीत मात्र पोर्श पुन्हा आपल्या तरुणपणच्या विजेकडे वळले. त्यांच्या 'टायगर' रणगाड्याच्या नमुन्यात इंजिने वीज निर्माण करीत आणि दोन पट्ट्यांना स्वतंत्र मोटरी फिरवीत. तो जड आणि बेभरवशाचा ठरला. १९४२ मध्ये हेन्शेल कंपनीच्या नमुन्याची निवड झाली. तयार झालेल्या सुमारे नव्वद सांगाड्यांवर रणगाडाभेदी तोफा बसवण्यात आल्या. त्या वाहनाला त्यांचेच नाव मिळाले, 'फर्डिनांड'.

हिशेब

या सर्व यंत्रांमागे माणसे होती. युद्धकाळात फोल्क्सवागनच्या कारखान्यात सुमारे वीस हजार जणांना सक्तीने राबवण्यात आले. त्यांत युद्धकैदी होते, व्यापलेल्या देशांतून आणलेले स्त्री-पुरुष होते आणि छळछावण्यांतले कैदीही होते. पोर्श या कारखान्याच्या प्रमुखांपैकी एक होते. १९३७ मध्ये ते नाझी पक्षाचे सभासद झाले होते; एसएस या संघटनेतील हुद्दाही त्यांच्याकडे होता. त्यांना राजकारणात रस नव्हता, यंत्रे बनवण्यापलीकडे त्यांना काही दिसत नव्हते, असा बचाव त्यांच्या वतीने पुष्कळदा केला जातो. परंतु ज्या माणसाला ताशी १६० किलोमीटरला घसरणारे चाक दिसत होते, त्याला रोज कारखान्याच्या दारातून आत आणली जाणारी माणसे दिसली नसतील, हे मानणे कठीण आहे.

डिसेंबर १९४५ मध्ये फ्रेंचांनी पोर्श यांना अटक केली. सुमारे वीस महिने ते तुरुंगात होते. ऑगस्ट १९४७ मध्ये जामिनावर सुटले आणि १९४८ मध्ये फ्रेंच न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केले. तोवर त्यांची प्रकृती खालावली होती. मुलगा फेरी पोर्श याने ऑस्ट्रियातील ग्म्युंड येथे '३५६' ही पोर्श नावाची पहिली मोटार उभी केली होती. १९५० च्या अखेरीस ते वोल्फ्सबुर्गच्या कारखान्यात जाऊन आले, तेव्हा त्यांची छोटी मोटार जर्मन रस्त्यांवर दिसू लागली होती. त्यानंतर लवकरच त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि ३० जानेवारी १९५१ रोजी स्टुटगार्ट येथे त्यांचे निधन झाले. बीटलचे उत्पादन २००३ पर्यंत चालले आणि तिची संख्या दोन कोटी पंधरा लाखांवर गेली. पुण्याजवळ चाकण येथे २००९ मध्ये सुरू झालेला फोल्क्सवागनचा कारखाना याच वंशातला.

स्पूल की लॉकर?

आता पुन्हा आपल्या चिखलातल्या जीपकडे येऊ. स्पूल स्वस्त आहे, हलका आहे आणि त्यात बिघडण्यासारखे काही नाही. जी गाडी फक्त खडकांवरच्या स्पर्धांसाठी राखलेली आहे आणि दुसऱ्या वाहनावर लादून तेथवर नेली जाते, तिच्या मागच्या आसाला तो शोभतो. पण जी गाडी सोमवार ते शुक्रवार कार्यालयात जाते आणि रविवारी लोणावळ्याच्या मागच्या वाटा धुंडाळते, तिला स्पूल लावणे म्हणजे रोजच्या प्रत्येक वळणावर टायरचा आणि एक्सल शाफ्टचा बळी देणे. ओल्या डांबरावर तर ते धोक्याचेच. पुढच्या आसाला स्पूल लावला तर स्टिअरिंग वळवताना हात भरून येतात.

आपोआप जोडला जाणारा लॉकर मधला मार्ग देतो, मात्र वळणात तो अचानक जोडला किंवा सुटला की चालक दचकतो. कळीवर चालणारा लॉकर महाग असतो आणि त्याच्या नळ्या-तारांची देखभाल करावी लागते. पण रस्त्यावर गाडी नेहमीसारखी चालते. म्हणूनच आपल्याकडच्या थारसारख्या गाड्यांत मागच्या आसाचा लॉकर कारखान्यातूनच मिळू लागला. कोणताही उपाय निवडला तरी एक पथ्य सारखेच. जखडलेल्या आसात एक चाक अधांतरी असेल, तर इंजिनाचा सारा जोर एकाच शाफ्टवर येतो. तो पेलणारा शाफ्ट आधी हवा, मग लॉकर.

नीट पाहिले तर पूर्ण जोडलेला लॉकर म्हणजे स्पूलच. फरक एवढाच, की तो सोडता येतो. पोर्श यांनी आपल्या गाड्यांसाठी नेहमी सुटू शकणारी वाटणी शोधली. कारण जमीन बदलते आणि गाडीला तिच्याप्रमाणे बदलावे लागते, हे त्यांना ठाऊक होते. सत्तेशी मात्र त्यांनी स्वतःला असे जोडून घेतले, की वळण आले तेव्हा सुटण्याची सोयच उरली नाही. त्यांच्या यंत्रांकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. त्यांच्या आयुष्याकडूनही आहे.